माझ्या पोटातले शंभर मिली

मित्रांनो, खरं काय ते आधीच सांगून टाकतो. मी एक जुना नपना आहे आणि मी खोटा आहे.

नपना म्हणजे दूध मोजायचं माप. पुण्याकडचे पाहुणे मला माप म्हणतात. पण आमच्या इंदूरच्या मराठीत बरेच शब्द हिंदीतून पाहुणे म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत, त्यांतलाच मी एक. अ‍ॅल्युमिनियमचा, बसका, रुंद तोंडाचा, एका लिटरचा. माझ्या आतल्या बाजूला शंभर-शंभर मिलीच्या दहा खुणा आहेत. त्या बघून कुणाचाही माझ्यावर विश्वास बसतो. माझं सगळं वाईट तिथूनच सुरू झालं.

जन्मलो तेव्हा मी सरळ होतो. टेबलावर ठेवलं की गपगुमान टेकायचो. सरकारी माणसाने माझ्या काठावर शिक्का मारला, तेव्हा मला वाटलं की आता आयुष्यभर खोटं बोलायची वेळ येणार नाही. मी तेव्हा तीन दिवसांचा होतो.

मला एका कापड मिलच्या कँटीनने विकत घेतलं. मिल तेव्हा जोरात चालायची. रंगखात्यातल्या कामगारांचे घसे वाफेने जळायचे, म्हणून त्यांना रोज एक पेला दूध मिळायचं. हे दूध सकाळी गवळ्यांकडून मोजून घ्यायचं काम पंढरीनाथ यांच्याकडे होतं. पंढरीनाथ तिशीचे, नखं कापलेली, भांग पाडलेला आणि कुणाला नाही म्हणता न येणारे. या शेवटच्या गुणामुळे ते सगळ्यांना आवडायचे.

एके दुपारी कँटीनचा ठेकेदार म्हणाला, "पंढरी, इसका पेट जरा बाहर निकाल दे."

ठेकेदाराचं स्वतःचंही पोट बाहेर होतं, त्यामुळे त्याला यात काही गैर वाटलं नसावं. पंढरीनाथांनी मला वाळूच्या पिशवीवर ठेवलं आणि आतून लाकडी हातोडा मारला. नऊ ठोके. मी मोजले. मोजणं हा माझा धंदाच आहे.

माझं बूड बाहेर आलं आणि पोटात शंभर मिली जागा वाढली. खुणा मात्र होत्या तिथेच राहिल्या. दूध दहाव्या खुणेला पोचलं की सगळे म्हणायचे एक लिटर. आत असायचं एक लिटर आणि वर शंभर मिली. पाचव्या खुणेला पोचलं की म्हणायचे अर्धा लिटर. आत असायचे सहाशे. म्हणजे मला कमी भरा नाहीतर जास्त, प्रत्येक खेपेला शंभर मिली गायब. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एकच अडचण झाली. बूड फुगल्यामुळे मी टेबलावर डुलायला लागलो. टुक, टुक, टुक. कुणी बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. म्हणून पंढरीनाथांनी माझ्यासाठी चुंबळ केली. डोक्यावर हंडा घेताना बायका खाली कापडाची गोल वळकटी ठेवतात ना, ती. चुंबळीत बसवलं की मी डुलत नसे. एखाद्या सज्जन मापासारखा दिसायचो.

दूध देणाऱ्यांत बेबीताई होत्या. त्या अन्नपूर्णा भागात राहायच्या. त्यांचे आजेसासरे होळकरांच्या घोडदळात होते. राज्य गेलं, घोडे गेले, तबेला उरला. बेबीताईंनी त्यात म्हशी बांधल्या. भिंतीवर तलवार आणि तलवारीखाली म्हैस, असं ते घर होतं. नवरा मिलच्या रंगखात्यात. मुलगा सुजय तेव्हा शाळेत जायचा आणि कधी कधी कॅनला हात लावायला आईबरोबर यायचा.

चुंबळ पाहून बेबीताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पंढरीभिया, नपन्याला चुंबळ? थंडी वाजते काय त्याला?"

"टेबल हलतं ना, बेबीताई."

"टेबल हलतं तर चुंबळ टेबलाला द्या."

पंढरीनाथ हसले आणि दूध ओतत राहिले. बेबीताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यानंतर आठ वर्षं त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

मग मिल बंद झाली. आज बंद, उद्या सुरू होईल, असं करता करता कायमची बंद झाली. सगळे इतक्या घाईत निघाले की रंगखात्यातला एक नळ बंद करायचा राहिला. तो बिचारा तीन दिवस वाहत होता. त्याला बंद हो म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. हा नळही लक्षात ठेवा.

पंढरीनाथांनी आठवण म्हणून मला शर्टाखाली घालून बाहेर आणलं. फाटकावर चौकीदार म्हणाला, "क्या भिया, पेट निकल आया तुम्हारा!" पंढरीनाथ मान खाली घालून निघाले.

पुढे त्यांनी पोह्याची गाडी लावली. इंदूरमध्ये पोह्याची गाडी न चालणं फार अवघड असतं, पण त्यांनी ते करून दाखवलं. चार-पाच वर्षं अशीच गेली. शेवटी एका दवाखान्याच्या आयसीयूमध्ये ते रोजंदारीवर मदतनीस म्हणून लागले. मलाही बरोबर नेलं. तिथे मी फरशीसाठी फिनाइल मोजायचो. शंभर मिली जास्त पडलं तर फरशी जास्त स्वच्छ व्हायची, नुकसान कुणाचंच नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वात प्रामाणिक वर्षं.

आणि मग तो रविवार आला.

सुजय आता चोवीस वर्षांचा झाला होता. वडील वारले होते, मिलचं गिऱ्हाईक गेलं होतं, म्हशी दोनच उरल्या होत्या. बाजारात नव्या नव्या कंपन्यांचं ठंडं, म्हणजे कोल्ड्रिंक, आलं होतं, तेच तो मोटरसायकलवरून मानपूरपर्यंतच्या ढाब्यांना पोचवायचा. शुक्रवारी मानपूरजवळ ट्रकने त्याला उडवलं. अंगावर फारसं लागलं नव्हतं. सगळा मार डोक्याला बसला होता.

आमच्या आयसीयूच्या डॉक्टर मधुरिमा यांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा सगळ्या तपासण्या केल्या. दुसरी तपासणी रविवारी सकाळी झाली. मग त्यांनी बेबीताईंना समोर बसवून सांगितलं की सुजयचा मेंदू कायमचा बंद झालाय. सुजय गेलाय. छाती हलतेय ती यंत्रामुळे, आणि तेवढ्यावर हृदय अजून थोडा वेळ चालेल. या वेळात त्याच्या किडन्या दुसऱ्या दोन माणसांना देता येतात, आणि डोळेही, तुमची इच्छा असेल तर.

बेबीताईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "ताटात भाताचं शीत ठेवायचा नाही माझा पोरगा. वाया गेलेलं त्याला चालायचंच नाही. घ्या. पण मॅडम, दोन्ही लागल्या पाहिजेत. एक लागली आणि एक फुकट गेली, असं मला येऊन सांगू नका."

"आम्ही पूर्ण प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्या आत आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "पेशंट गेला म्हणजे काम संपलं, असं कुणी समजू नका. आता काम दुप्पट आहे. सर्जन चार वाजता येतील. तोवर त्याचं प्रेशर टिकवायचं, अंग गरम ठेवायचं, डोळे ओले ठेवायचे. त्याचा मेंदू जे एकटा करत होता, ते आता आपण चौघा-पाच जणांनी करायचंय."

आमच्या दवाखान्यात ही पहिलीच वेळ होती.

मित्रांनो, मेंदू बसल्या जागेवरून किडनीला सांगत असतो की पाणी धरून ठेव. सांगणारा गेला की किडनी पाणी सोडतच सुटते. रंगखात्यातल्या नळासारखी. सुजयचं तसंच झालं. ते थांबवणारं औषध मुंबईहून दुपारच्या विमानाने यायचं होतं. तोवर एकच उपाय होता. जेवढी लघवी जाते तेवढं सलाइनचं पाणी शिरेतून परत द्यायचं. कमी पडलं तर प्रेशर पडेल, प्रेशर पडलं तर किडन्या जातील.

"लघवीच्या पिशवीवरच्या रेघा अंदाजाच्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "मला अंदाज नकोय. दर तासाला पिशवी जारमध्ये ओतून नीट मोजा."

सातच्या सुमाराला सिस्टर यामिनींच्या हातून काचेचा जार नळावर आपटून फुटला. रविवार होता. स्टोअरला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर सासरी.

"सिस्टर, आपला नपना आहे ना," पंढरीनाथ म्हणाले. "शंभर-शंभरच्या खुणा आहेत. गरम पाण्याने धुऊन देतो."

त्यांना ते नऊ ठोके आठवले नव्हते. खरंच नव्हते. फिनाइल मोजता मोजता ते विसरून गेले होते. पण मला टेबलावर ठेवताच मी डुललो, आणि त्यांनी न बघताच बँडेजची गुंडाळी केली आणि माझ्याखाली सरकवली. डोक्याला आठवलं नाही, हातांना आठवलं.

मी विसरलो नव्हतो. पण माझं तोंड एवढं रुंद असून मला बोलता येत नाही.

आठ वाजता सिस्टरनी पिशवी माझ्यात रिकामी केली आणि म्हणाल्या, "पाचशे." आत सहाशे होते. सुजयला पाचशे परत दिले. नऊला पाचशे. दहाला पाचशे. अकराला पाचशे. प्रेशर एकशे दहावरून नव्वदवर आलं.

"जेवढं जातंय तेवढं देतोय, मग पडतंय का?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी यंत्र तपासलं, नळ्या तपासल्या, औषध वाढवलं. सगळं तपासलं. मला सोडून. "सिस्टर, आता दर अर्ध्या तासाने मोजा. अजून काळजीने."

मित्रांनो, आता बघा काय झालं. अर्ध्या तासात तीनशे यायचे, मी दोनशे दाखवायचो. आधी तासाला शंभर खात होतो, आता दोनशे खायला लागलो. त्यांनी काळजी दुप्पट केली आणि माझी चोरी दुप्पट झाली. वर डॉक्टरांनी हिशेब मांडला, "तासाला पाचशे होती, आता चारशेच. म्हणजे कमी होतेय. चला, एवढं तरी चांगलं झालं." त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं दिसलं. मला त्या वेळी मोडीत जावंसं वाटलं.

साडेबाराला पंढरीनाथांनी मला रिकामं करायला उचललं आणि त्यांचं बोट माझ्या बुडावरून फिरलं. ते थांबले. परत फिरवलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी खालून पाहिलं. इतक्या जवळून दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं. "काका, नवी बाटली द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी बाटली दिली आणि तोंड मिटलं.

मास्क आणि टोपीत पंढरीनाथांचे फक्त डोळे दिसत होते. बेबीताई दाराच्या काचेपलीकडे आल्या की ते पाठ फिरवायचे. रोजंदारीचं काम होतं. ती चार-पाच वर्षं, ती पोह्याची गाडी, सगळं डोळ्यांपुढे आलं असेल. एक वाजता सिस्टर म्हणाल्या, "दोनशे." ते गप्प राहिले.

दीड वाजता ते पुढे आले. "मॅडम..."

"काय?"

"...चहा आणू?"

"नको."

दोन वाजता परत दोनशे. प्रेशर चौऱ्याहत्तर. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चोरी केली. पण शेवटचे हे तीनशे मिली आम्ही दोघांनी मिळून, माहीत असताना चोरले. त्यांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

डॉक्टरांनी बेबीताईंना आत बोलावलं. "आम्ही सगळं करून बघतोय. पण प्रेशर असंच राहिलं तर सर्जन किडन्या घेणार नाहीत. घेऊन उपयोग होणार नाही."

"म्हणजे फुकट?"

डॉक्टरांनी मॉनिटरकडे बघितलं.

बेबीताईंनी सुजयच्या पायावरची चादर नीट केली. मग त्यांची नजर शेजारच्या टेबलावर गेली. माझ्यावर नाही, माझ्याखालच्या बँडेजच्या गुंडाळीवर. त्या जवळ आल्या. एका बोटाने मला चुंबळीतून बाजूला ढकललं.

टुक, टुक, टुक.

"पंढरीभिया," मागे न वळता त्या म्हणाल्या, "हा अजून तसाच आहे?"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या पंढरीनाथांनी मास्क खाली ओढला. "हो, बेबीताई."

"काय तसाच आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम, हा आमच्या मिलचा नपना आहे. झूठा आहे. दर खेपेला शंभर मिली खातो हा. आठ वर्षं माझं दूध खाल्लंय यानं."

"काका?"

"खरं आहे, मॅडम. मीच ठोकलाय."

"तुम्हाला आत्ता आठवलं?"

पंढरीनाथांना खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांना सोयीचं झालं असतं. "नाही," ते म्हणाले. "साडेबाराला."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी पन्नास मिलीची सिरिंज घेतली. "सिस्टर, पाणी. मोजा." एक सिरिंज, दोन, तीन. सगळे मोठ्याने मोजत होते, बेबीताईसुद्धा. वीस झाल्या, म्हणजे आत पुरतं एक लिटर पाणी होतं, आणि माझी खूण म्हणत होती नऊशे. बावीस झाल्या तेव्हा कुठे मी म्हणालो, एक लिटर. इतक्या माणसांसमोर असा उघडा मी कधी पडलो नव्हतो.

"सकाळपासून किती वेळा मोजलं?"

"आठ ते अकरा चार वेळा. मग सहा. दहा," सिस्टर म्हणाल्या.

"एक लिटर. एक लिटर कमी दिलंय आपण त्याला." डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "बाटल्या लावा. दोन्ही हातांना. आणि आता पिशवीवरच्या रेघा वाचा. अंदाज परवडला. काका, उभे काय राहिलात? बाटल्या!"

पंढरीनाथ धावले. त्या वयात मी त्यांना पहिल्यांदा धावताना पाहिलं.

अडीचला प्रेशर ब्याऐंशी. तीनला पंच्याण्णव. सव्वातीनला मुंबईचं औषध आलं. साडेतीनला एकशे आठ. चारला सर्जन आले. त्यांनी कागद बघितले, सुजयकडे बघितलं आणि मान डोलावली.

सुजयला नेताना बेबीताईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "जा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी डॉक्टर मधुरिमा बाहेर आल्या. बेबीताई उठल्या.

"दोन्ही?"

"दोन्ही. आणि डोळेही."

त्या किडन्या कुणाला गेल्या ते मला ठाऊक नाही. तसं कुणालाच सांगत नाहीत, आणि मला तर कुणी कधीच काही सांगत नाही.

त्यानंतर बाकावर बेबीताई आणि पंढरीनाथ बसले होते. मी पंढरीनाथांच्या मांडीवर होतो. ते म्हणाले, "आठ वर्षं तुमचं दूध चोरलं. आज तुमच्या पोराचं..."

"मला मालूम होतं दुधाचं," बेबीताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? दुसऱ्या दिवसापासून मी लिटरमागे शंभर मिली पाणी घालायला लागली. झाला हिसाब बराबर."

पंढरीनाथ खाली बघत म्हणाले, "ते मला माहीत होतं. दूध पातळ यायचं."

मग बेबीताई म्हणाल्या, "सुजयचे बाबा त्याच कँटीनचं दूध प्यायचे. रोज घरी येऊन सांगायचे, पाणी पाजतात साले. मी म्हणायची, ठेकेदार चोर आहे हो."

हसण्यासारखं होतं, पण दोघंही हसली नाहीत. बेबीताईंनी पदराने डोळे पुसले.

डॉक्टरांनी रिपोर्टात पंढरीनाथांचं नाव लिहिलं. त्याखाली स्वतःचंही लिहिलं: माप वापरण्याआधी मी तपासलं नाही. पंढरीनाथांना पंधरा दिवस घरी बसवलं, मग परत बोलावलं. आता नवीन जार आला की ते आधी सिरिंजने पाणी घालून बघतात. सिस्टर चेष्टा करतात. ते मनावर घेत नाहीत.

मला त्यांनी मोडीत घालायचं ठरवलं होतं. बेबीताई म्हणाल्या, "मला द्या." त्यांनी मला राखेने तीनदा घासलं, उन्हात आठ दिवस ठेवलं आणि म्हशींची खली, म्हणजे पेंड, मोजायला घेतलं. म्हणजे प्रत्येक मापाला म्हशींना शंभर मिली खली जास्त जाते. जो खोटेपणा घेताना चोरी होता, तो देताना दान झाला. म्हशी लठ्ठ झाल्या आहेत. त्यांना माझा इतिहास माहीत नाही, आणि मी तो सांगायचं धाडस केलेलं नाही.

पंढरीनाथ अधूनमधून येतात. मला उचलतात, बुडावरून बोट फिरवतात आणि परत ठेवतात. एकदा त्यांनी विचारलं, "आत ठोकून सरळ करून देऊ का?" बेबीताई म्हणाल्या, "राहू द्या. सरळ केला तर कुणाला कळणार नाही काय झालं होतं ते."

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात एखादं माप टेबलावर डुलत असेल, किंवा तुमच्याच हातून कधी असा एखादा ठोका बसला असेल, तर दया करून त्याला चुंबळ देऊ नका. डुलू द्या. टुक टुक वाजू द्या. आवाजाने लाज वाटेल, पण कुणीतरी वळून बघेल. मला चुंबळ दिली नसती, तर त्या रविवारी आठ वाजताच कुणीतरी वळून बघितलं असतं.